घटसर्पाचा विळखा सैल करणारा डॉक्टर

भंडारा, ता. ३१ - ऋतू पालटला, की वैनगंगेच्या खोऱ्यातील गावांत घरोघरी मुले तापाने फणफणतात. ताप, उलट्या आणि गिळताना घशात दुखणे, ही तक्रार पालकांना नवी नाही. बहुतेक वेळा त्यामागे विषाणूंचा साधा संसर्ग असतो. काही वेळा स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंमुळे टॉन्सिल सुजलेले असतात. मात्र, याच लक्षणांआड एकेकाळी घटसर्प दडून येई आणि थोड्याच दिवसांत मूल गुदमरून दगावे. या रोगावर पहिला खात्रीचा उपाय शोधणारे जर्मन शास्त्रज्ञ एमिल फॉन बेहरिंग यांचा ३१ मार्च हा स्मृतिदिन.

बेहरिंग यांचा जन्म १५ मार्च १८५४ रोजी प्रशियातील हान्सडॉर्फ येथे झाला. वडील शाळामास्तर, कुटुंब मोठे आणि मिळकत तुटपुंजी. वैद्यकीय शिक्षणाचा खर्च परवडणारा नव्हता. त्यामुळे लष्करात सेवा करण्याच्या अटीवर त्यांनी १८७४ मध्ये बर्लिनच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. लष्करी डॉक्टर असताना जखमांवरील औषधांचा अभ्यास करताना, जंतू मारण्याइतकेच त्यांचे विष निष्प्रभ करणेही महत्त्वाचे आहे, हा विचार त्यांच्या मनात रुजला.

घटसर्पात खरा घात करते ते हे विषच. घशात करड्या रंगाचा पापुद्रा धरून श्वास कोंडतो; शिवाय विष रक्तात भिनून हृदय आणि मज्जातंतूंवर आघात करते. घसा बरा झाल्यासारखा वाटत असतानाच मूल अचानक दगावते, ते याचमुळे.

रॉबर्ट कॉख यांच्या बर्लिनमधील प्रयोगशाळेत बेहरिंग यांना जपानी सहकारी शिबासाबुरो कितासातो लाभले. रोगाला पुरून उरलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवात विष मारणारे द्रव्य असते आणि ते दुसऱ्या प्राण्याला वाचवू शकते, हे डिसेंबर १८९० मध्ये जगापुढे आले. सुरुवातीचे औषध मात्र दुबळे होते. त्याची ताकद मोजण्याची पद्धत पॉल एर्लिख यांनी घालून दिली आणि १८९४ पासून हे औषध मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले.

१९०१ मध्ये वैद्यकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक बेहरिंग यांना मिळाले. कितासातो आणि एर्लिख यांची नावे त्यात नव्हती. एर्लिख यांच्याशी असलेली मैत्रीही पुढे तुटली. क्षयरोगावर उपाय शोधण्याच्या प्रयत्नांना यश आले नाही आणि प्रकृतीनेही साथ सोडली. तरीही त्यांनी काम थांबविले नाही. १९१३ मध्ये त्यांनी घटसर्प होऊच नये यासाठी लस मांडली. ३१ मार्च १९१७ रोजी मारबुर्ग येथे त्यांचे निधन झाले.

भारतात १९७८ पासून बालकांच्या लसीकरण कार्यक्रमात घटसर्पाची लस आहे. सहा, दहा व चौदा आठवड्यांचे डोस, दीड वर्षाच्या सुमारास आणि पाच ते सहा वर्षांदरम्यानचे बूस्टर, तसेच दहाव्या व सोळाव्या वर्षीचे डोस आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. बूस्टर चुकला, तर संरक्षण क्षीण होते. घशात पापुद्रा दिसणे, मान सुजणे किंवा श्वास घेताना आवाज येणे, ही लक्षणे दिसताच घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे लागते. तेथे प्रतिजैविकांबरोबर दिले जाणारे औषध मूलतः बेहरिंग यांच्याच मार्गाने आलेले आहे.