ठिसूळ हाडे, इस्ट्रोजेन आणि डॉ. फुलर ऑलब्राइट

पाळी गेल्यावर हाडे ठिसूळ का होतात, याचे उत्तर देणारे डॉ. फुलर ऑलब्राइट १९०० साली अमेरिकेत जन्मले. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये त्यांनी पाहिले, की मणके दबलेल्या रुग्णांत पाळी गेलेल्या स्त्रियाच जास्त आहेत. इस्ट्रोजेन कमी होणे हे त्याचे कारण, असे त्यांनी १९४१ मध्ये मांडले आणि उपचारासाठी तेच हार्मोन दिले.

चाळिशीच्या आतच त्यांना कंपवात जडला. त्रास असह्य झाल्यावर १९५६ मध्ये त्यांनी मेंदूवर शस्त्रक्रिया करून घेतली. मेंदूत रक्तस्राव झाला. १९६९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते सावरले नाहीत.

त्यांच्या हार्मोन उपचाराची दुसरी बाजूही पुढे दिसली. २००२ मध्ये अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन गोळ्यांनी हाडे मोडणे कमी झाले. पण स्तनाचा कर्करोग, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या यांचे प्रमाण थोडे वाढले.

वय साठच्या आत असेल, पाळी जाऊन दहा वर्षे झाली नसतील आणि अंगातून गरम वाफा येण्याचा त्रास खूप असेल, तर बहुतेक निरोगी स्त्रियांना फायदा जास्त मिळतो. मात्र वरीलपैकी कोणताही आजार पूर्वी झाला असल्यास डॉक्टरांना आधी सांगा.