जोडे शिवणारे मास्तर : विल्यम कॅरी

व्याकरणाचा तास घेताना मला नेहमी एका इंग्रज मास्तरांची आठवण येते. त्यांनी मराठीचं व्याकरण १८०५ साली श्रीरामपूरला छापलं. आपलं नगर जिल्ह्यातलं नव्हे हं, बंगालमधलं!

विल्यम कॅरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ चा, इंग्लंडमधल्या एका खेड्यातला. वडील विणकर, नंतर गावचे शिक्षक. मुलगा जोडे शिवायला शिकला. पुढे मोल्टन गावी ते शाळा चालवत, जोडे शिवत आणि छोट्याशा चर्चमध्ये उपदेशही करत. पगार तुटपुंजा. भिंतीवर मात्र हाताने केलेला जगाचा मोठा नकाशा, त्यात देशोदेशीची माहिती भरलेली. शैक्षणिक साहित्यच म्हणा ना!

त्या नकाशापुढे त्यांना एक प्रश्न छळत होता. सर्व राष्ट्रांत जाऊन शुभवर्तमान सांगा, ही येशूची आज्ञा पहिल्या शिष्यांपुरतीच होती का? तेव्हा बरीच मंडळी तसंच मानत. कॅरींनी १७९२ मध्ये पुस्तिका लिहून उलट मांडलं, की ती आजच्या चर्चलाही बांधील आहे. त्याच वर्षी मिशनरी संस्था उभी राहिली आणि १७९३ मध्ये ते स्वतःच कुटुंबासह बंगालला आले.

पत्नी डोरोथी यांची आधी यायची तयारीच नव्हती. इथे १७९४ मध्ये पाच वर्षांचा पीटर आजाराने गेला. डोरोथींच्या मनाचा तोल ढळला, तो १८०७ मध्ये त्या वारेपर्यंत सावरला नाही. हे वाचताना माझं मन कॅरींपेक्षा त्यांच्यापाशीच अडकतं. ही किंमत कुणाच्या वाट्याला आली, बघा.

आणि फळ? सात वर्षं एकाही भारतीयाने बाप्तिस्मा घेतला नाही. पहिला घेतला कृष्ण पाल या सुताराने, १८०० च्या डिसेंबरात.

लोकांना सांगायचं तर त्यांच्याच भाषेत, म्हणून कॅरी भाषा शिकत राहिले. बंगाली नवा करार १८०१ मध्ये आला. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते मराठीही शिकवू लागले. मराठी-इंग्रजी कोश १८१० मध्ये निघाला, त्यातले मराठी शब्द चक्क मोडी लिपीत! मार्च १८१२ मध्ये छापखान्याला आग लागली. कित्येक वर्षांची हस्तलिखितं जळाली. पन्नाशी गाठलेले कॅरी पुन्हा पहिल्या पानापासून लिहायला बसले.

ते ९ जून १८३४ रोजी श्रीरामपूरलाच वारले. मराठीच्या कामात त्यांच्या शेजारी बसायचे वैजनाथ पंडित. वर्गात मी त्यांचंही नाव फळ्यावर लिहिते.