भाटघरचे पाणी आणि वैकुंठभाई मेहता

सहकारी पतपुरवठ्याच्या इतिहासात वैकुंठभाई मेहता यांचे नाव घेतले जाते ते मुख्यतः एक निष्णात बँकर म्हणून. परंतु बँक सोडल्यानंतरच्या अठरा वर्षांत त्यांनी जे कार्य केले, त्याचा अर्थ लावावयाचा तर भोर-वेल्ह्याच्या डोंगराळ मुलखाकडे पाहावे लागते.

वैकुंठभाईंचा जन्म १८९१ साली भावनगर येथे झाला. सर विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लुभाई सामळदास यांनी १९११ मध्ये मुंबईत सहकारी बँक स्थापन केली व लवकरच लल्लुभाईंचे हे तरुण चिरंजीव तिचे व्यवस्थापक झाले. वडिलांच्या बँकेत मुलाची नेमणूक, असा आक्षेप सहज घेता आला असता. पुढील सुमारे पस्तीस वर्षांच्या चोख कारभाराने त्याला जागाच उरली नाही. बँकेने बारामतीस शाखा उघडली आणि नीरा कालव्यावरील ऊस बागायतदारांना कर्ज मिळू लागले.

या कालव्याचे पाणी भोरमधील भाटघरच्या धरणातले. १९२८ साली तेथे लॉइड धरण पूर्ण झाले, तेव्हा वेळवंडीचे खोरे आणखी बुडाले आणि खालचे बागायत वाढले. ऊस हे बँकेला पटणारे पीक होते. त्याची विक्री ठरलेली आणि वसुली शक्य. पावसावरच्या भातखाचरांना कोणती बँक तारण मानणार? बँकेच्या शिस्तीत दोष नव्हता. पण त्याच शिस्तीमुळे भांडवल पाण्यामागोमाग गेले आणि वरच्या खोऱ्यांतील माणूस कामासाठी मुंबईस गेला.

१९४६ ते १९५२ या काळात वैकुंठभाई मुंबई राज्याचे अर्थमंत्री होते. याच काळात, १९४८ साली, भोर संस्थान विलीन झाले. मंत्रिपदानंतर मोठ्या उद्योगसमूहांच्या संचालक मंडळांवर बसणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी १९५३ साली अखिल भारतीय खादी व ग्रामोद्योग मंडळाचे अध्यक्षपद पत्करले आणि पुढे आयोग झाल्यावर त्याची धुराही १९६३ पर्यंत वाहिली. हातसडीचा तांदूळ, मधमाशापालन, घाणीचे तेल हे त्यांचे विषय झाले. अनुदानावर चालणारे हे उद्योग गिरणीपुढे टिकणार नाहीत, ही अर्थशास्त्रज्ञांची टीका बऱ्याच अंशी खरी ठरली. भातगिरण्यांवर नियमन आणणारा १९५८ चा कायदाही हातसडीला वाचवू शकला नाही. मात्र ज्या कुटुंबाला खरीप संपल्यावर हाताला काम नाही, त्याचे काय करावयाचे, हा त्यांचा प्रश्न टीकाकारांनी क्वचितच सोडविला.

अध्यापन हा त्यांच्या कार्याचा सततचा भाग होता. वेंकटसुब्बय्या यांच्यासह १९१८ साली लिहिलेला सहकारी चळवळीवरील ग्रंथ त्यांनी तरुणपणीच सिद्ध केला होता आणि उतारवयातही सहकारी शिक्षणाचा ध्यास सुटला नाही. १९६० च्या सहकारी पतपुरवठा समितीचे अध्यक्ष या नात्याने त्यांना नेमका जुनाच पेच सोडवावयाचा होता : संस्था सभासदांनी एकमेकांस ओळखावे इतकी लहान असावी, की स्वतःचा सचिव पोसण्याइतकी मोठी? समितीने गावाला प्राधान्य दिले, पण गरज पडल्यास साधारण तीन हजार लोकवस्ती व तीन-चार मैलांच्या परिघापर्यंत क्षेत्र वाढविण्यास मुभा ठेवली. बारामतीच्या सपाटीवर हे माप बसते. तोरण्याच्या पायथ्याच्या विखुरलेल्या वाड्यांत तेवढ्या अंतरात एखादी खिंड आणि भरलेला ओढा येतो, आणि तीन हजार माणसे मोजून भरत नाहीत.

१९६४ साली वैकुंठभाई निवर्तले. पुण्यात १९६७ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्थेस त्यांचे नाव आहे. वेल्ह्याचा घाट तिथून काही तासांच्या वाटेवर आहे.