देश नव्हता, झेंडा होता!

पालघरच्या हुतात्मा स्तंभावरून तुम्ही कॉलेजला जाता-येता शंभरदा गेला असाल. १४ ऑगस्ट १९४२ ला कचेरीवर तिरंगा लावायला निघालेल्या मोर्चावर इथे गोळीबार झाला आणि काशिनाथ पागधरे, गोविंद ठाकूर, रामचंद्र चुरी, रामप्रसाद तिवारी आणि सुकूर मोरे हे पाच जण गेले. एका कापडासाठी कुणी जीव का देईल, असा प्रश्न पडला असेल, तर मॅडम कामांना भेटाच.

भिकाईजी कामा. जन्म मुंबईत, २४ सप्टेंबर १८६१, श्रीमंत पारशी घरात. १८८५ मध्ये वकील रुस्तम कामांशी लग्न झालं. नवरा इंग्रजी राज्याचा चाहता, बायको त्या राज्याची विरोधक. संसार काही जमला नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा या घरात बसल्या नाहीत. रुग्णांची सेवा करता करता स्वतःच आजारी पडल्या. वाचल्या, पण तब्येत खालावली ती खालावलीच. १९०२ मध्ये उपचारासाठी त्या युरोपला गेल्या आणि तिथे क्रांतिकारकांच्याच होऊन गेल्या.

आता तारीख लक्षात ठेवा : २२ ऑगस्ट १९०७. जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये जगभरच्या समाजवाद्यांची परिषद भरली होती. साडी नेसलेल्या मॅडम कामा बोलायला उठल्या आणि त्यांनी भारताचा झेंडा उलगडला. वर हिरवा पट्टा, त्यावर आठ कमळं, म्हणजे तेव्हाचे आठ प्रांत. मधल्या पट्ट्यावर देवनागरीत ‘वंदे मातरम्’. खाली लाल पट्टा, त्यावर सूर्य आणि चंद्रकोर, हिंदू-मुसलमान दोघांची खूण. विचार करा, नकाशावर स्वतंत्र भारत नव्हताच! त्यांनी मांडलेला ठराव काही मंजूर झाला नाही. पण गुलाम देशालाही स्वतःचा झेंडा असू शकतो, हे सगळ्यांनी पाहिलं.

त्याची किंमतही त्यांनी मोजली. १९०९ मध्ये पॅरिसमधून त्यांनी ‘वंदे मातरम्’ हे पत्र सुरू केलं. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सरकारने त्यांना नजरकैदेत टाकलं. मायदेशी परतायला ३३ वर्षं लागली. १९३५ मध्ये अर्धांगवायूने खचलेल्या अवस्थेत त्या मुंबईला आल्या, तेही राजकारणात भाग घेणार नाही असं लिहून दिल्यावर. १३ ऑगस्ट १९३६ ला त्या गेल्या. त्यानंतर बरोबर सहा वर्षं आणि एका दिवसाने पालघरचा गोळीबार झाला.

आजचा तिरंगा वेगळा आहे, तो २२ जुलै १९४७ ला स्वीकारला गेला. कामांचा झेंडा इंदुलाल याज्ञिकांनी लपवून भारतात आणला, तो पुण्याच्या केसरीवाड्यात आहे. पुण्याला गेलात तर नक्की बघा. आणि बोईसर-तारापूरकरांनो, पुढच्या वेळी पालघरला उतरलात की त्या स्तंभापाशी दोन मिनिटं थांबा. ती पाच नावं नीट वाचा.