सह्याद्रीच्या कुशीतील गणिती : भास्कराचार्य



गेल्या वर्षी आमच्या शाळेतून दहावी होऊन अकरावी विज्ञानाला गेलेली एक मुलगी दिवाळीच्या सुट्टीत वडिलांना घेऊन शाळेत आली. वडिलांचे म्हणणे असे की, मुलीला त्रिकोणमिती मुळीच कळत नाही, तेव्हा आताच शाखा बदललेली बरी. आणि तसे पाहता गणित हा काही आपल्या लोकांचा विषय नव्हे. मुलीचा प्रश्न मात्र निराळा होता. काटकोन त्रिकोणात एक कोन नव्वद अंशांचा असतो, मग त्यात एकशेवीस अंशांचा कोन बसेल कुठे, आणि बसत नसेल तर पुस्तकात १२० अंशांचा साइन काढायला कसा सांगतात? प्रश्न अगदी रास्त होता. मी मुळात कला शाखेचा पदवीधर. गणिताचे तास वाट्याला आले म्हणून शिकत शिकत शिकवू लागलो. समोरची बाजू भागिले कर्ण हे सूत्र मी स्वतः पाठ करूनच पास झालो होतो. त्या मुलीला उत्तर देता देता ज्या माणसापर्यंत मी जाऊन पोहोचलो, त्यांचे चरित्र आज आपणांस सांगावयाचे आहे.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४ मधला. हे साल त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे, आणि छत्तिसाव्या वर्षी ग्रंथ पुरा केला हेही सांगितले आहे. त्यांचे गाव विज्जडवीड, सह्याद्रीच्या आश्रयाला वसलेले. हे गाव नेमके कोणते यावर विद्वानांत मतभेद आहेत; पण खानदेशात चाळीसगाव तालुक्यात पाटण म्हणून जे स्थान आहे, त्याच्याशी या घराण्याचा संबंध होता याला दगडावर कोरलेला पुरावा आहे. त्याकडे पुढे वळू. वडील महेश्वर हे स्वतः ज्योतिषी, आणि तेच भास्कराचार्यांचे गुरू. घरातच शाळा होती असे म्हणा ना.

१९५० किंवा २०५० साली सूर्य कुठे असेल हे आज यंत्र सांगते. त्या काळी ते हाताने काढावे लागे, आणि त्यासाठी लागे गोलाचे व वर्तुळाचे गणित. इसवी सन ११५० मध्ये पूर्ण झालेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ या ग्रंथाचे लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे चार भाग आहेत. पहिल्या दोन भागांची नावे आपण ऐकलेली असतात; शेवटच्याचे नाव सहसा कोणी घेत नाही. माझ्या मते मात्र शिक्षक भास्कराचार्य पाहावयाचे तर गोलाध्यायातच पाहावेत. नुसती श्लोकबद्ध सूत्रे देऊन ते थांबले नाहीत. त्यांवर स्वतःच गद्यात टीका लिहिली आणि सूत्र तसे का, याची उपपत्ती दिली. विद्यार्थ्याच्या मनातला ‘का’ त्यांना दिसत होता.

या गोलाध्यायात ‘ज्योत्पत्ती’ नावाचे एक छोटे प्रकरण आहे. ज्योत्पत्ती म्हणजे ज्या कशा उत्पन्न करावयाच्या ते. ज्याला हे येते तोच आचार्यपदाला पोहोचतो, असा भास्कराचार्यांचा अभिप्राय आहे.

आता ‘ज्या’ म्हणजे काय? धनुष्य डोळ्यांसमोर आणा. वाकलेली काठी हा वर्तुळाचा कंस आणि ताणलेली दोरी ही ज्या, म्हणजेच जीवा. भूमितीच्या पुस्तकात आपण आजही वर्तुळाच्या जीवा काढतो, तोच हा शब्द. जुन्या भारतीय गणितींनी पाहिले की हिशेबाला पूर्ण दोरीपेक्षा अर्धी दोरी सोयीची पडते. म्हणून त्यांनी अर्धी दोरी घेतली, आणि पुढे ‘अर्ध’ गळून नुसतेच ‘ज्या’ उरले. म्हणजे ज्या ही मुळात एक लांबी आहे. तिचे घर त्रिकोणात नाही, वर्तुळात आहे.

विद्यार्थी मित्रांनो, एवढे वाचून थांबू नका, कंपास घ्या. मोठ्या कागदावर १० सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा आणि केंद्रातून एक आडवी व एक उभी रेषा आखा. या १० सेंटिमीटरला आपण ‘एक’ म्हणू. झाले तुमचे एकक वर्तुळ. आता उजवीकडच्या आडव्या रेषेपासून घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने ३० अंश मोजा आणि परिघावर खूण करा. त्या खुणेपासून आडव्या रेषेपर्यंत सरळ खाली लंब टाका आणि मोजा. ५ सेंटिमीटर भरेल, म्हणजे एकाचा अर्धा. हाच ३० अंशांचा साइन. लंबाच्या पायथ्यापासून केंद्रापर्यंतचे अंतर म्हणजे कोसाइन; जुन्या भाषेत कोटिज्या. आता खूण वर वर सरकवा. नव्वदला लंब पूर्ण १० सेंटिमीटर होतो आणि कोटिज्या शून्य. तिथेच थांबण्याचे काही कारण नाही. पुढे जाऊन १२० अंशांवर या. लंब सुमारे ८.६६ सेंटिमीटर, अगदी ६० अंशांइतकाच. फक्त पायथा आता केंद्राच्या डावीकडे ५ सेंटिमीटरवर पडला, म्हणून कोसाइन उणे अर्धा. १८० ला लंब शून्य. त्यापुढे तो आडव्या रेषेच्या खाली जातो म्हणून साइनही उणे. त्रिकोणात न मावणारा कोन वर्तुळात आपोआप मावतो. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच होते.

भास्कराचार्यांनी त्रिज्या ‘एक’ धरली नव्हती, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पूर्वसूरींप्रमाणे त्यांनी धरली ३४३८. हा आकडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो लहरी वाटला. पण त्याच्यामागचे कारण मोठे सुंदर आहे. वर्तुळाचे अंश ३६० आणि प्रत्येक अंशाच्या ६० कला, म्हणून सगळा परीघ २१,६०० कलांचा. त्याला दोन पायने भागा. उत्तर येते जवळजवळ ३४३८. म्हणजे कंस ज्या कलांनी मोजायचा, त्याच कलांनी त्रिज्याही मोजायची. कंस आणि सरळ रेषा यांना एकच माप! अकरावीत रेडियन शिकताना जी कल्पना कठीण वाटते ती हीच. पाव वर्तुळाचे २४ भाग केले की एक भाग २२५ कलांचा, आणि पहिली ज्याही २२५, कारण इतक्या लहान तुकड्यात कंस आणि लंब जवळजवळ सारखेच. आठवी ज्या ३० अंशांची, ती १७१९. तिला ३४३८ ने भागून पाहा. पुन्हा अर्धाच येतो.

ज्योत्पत्तीत ते याच्याही पुढे गेले. १८ अंशांची ज्या नेमकी कशी काढावी हे त्यांनी सांगितले : त्रिज्येच्या वर्गाची पाचपट करा, वर्गमूळ घ्या, त्यातून त्रिज्या वजा करा, चाराने भागा. दोन कंसांच्या ज्या माहीत असतील तर त्यांच्या बेरजेची आणि वजाबाकीची ज्या काढण्याची रीत दिली, आणि त्या रीतीने एकेका अंशाची कोष्टके कशी तयार होतात तेही दाखवले. बारावीपर्यंत तुम्ही जी बेरजेची सूत्रे गिरवता, ती साडेआठशे वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या परिसरात बसून कोणी तरी शिष्यांना समजावून सांगत होते.

गणित आकाशाचे असले तरी ते जमिनीवर पडताळता येते. भास्कराचार्यांच्या परंपरेत बारा अंगुळांचा शंकू, म्हणजे सरळ उभी काठी, उन्हात ठेवीत. आणि ज्या दिवशी दिवस-रात्र समान असतात त्या दिवशीच्या मध्यान्हीची सावली मोजून त्या गावाचा अक्षांश काढीत. हे आपल्या इंद्रलोकमध्ये कोणत्याही इमारतीच्या गच्चीवर करता येते. २१ मार्चच्या सुमारास, घड्याळात पाऊण वाजता (आपली मध्यान्ह बाराला नसते, हे लक्षात असू द्या), बारा इंची पट्टी सरळ उभी धरा. सावली सुमारे ४.२ इंच पडेल. पट्टीचे टोक आणि सावलीचे टोक जोडणारी तिरकी रेषा पायथागोरसच्या प्रमेयाने १२.७१ इंच येते. ४.२ ला १२.७१ ने भागले की ०.३३, ही आपल्या अक्षांशाची ज्या, त्रिज्या एक मानून. कोष्टकात पाहिले तर कोन सुमारे १९.३ अंश, आणि नकाशात भाईंदरचा अक्षांश तोच आहे. पाटणला हीच सावली साडेचार अंगुळांच्या जवळ जाते, कारण ते एक अंश उत्तरेला आहे. आणि पालकहो, असरच्या नमाजची वेळ आपल्याकडे कशावरून ठरते ते आठवा. मध्यान्हीच्या सावलीत वस्तूची उंची मिळवायची. त्या दिवशी त्या पट्टीची सावली १६.२ इंच झाली की शाफई पंथाप्रमाणे असर सुरू होते. हनफी पंथात दुप्पट उंची मिळवतात, म्हणून २८.२. मशिदीत टांगलेल्या वेळापत्रकामागे हेच ज्यांचे गणित आहे. ती मुलगी आणि तिचे वडील मार्चमध्ये गच्चीवर आले होते. पट्टी वडिलांनीच धरली. मुलगी अजून विज्ञानालाच आहे.

‘गणित आपल्या लोकांचा विषय नव्हे’ या त्यांच्या वाक्याचे काय? त्यासाठी ‘ज्या’ शब्दाचा प्रवास पाहावा लागेल. भास्कराचार्यांच्याही पूर्वी, आठव्या शतकात खलिफा मन्सूर यांच्या काळी, भारतीय ज्योतिषाचा ग्रंथ बगदादला पोहोचला आणि अरबीत उतरला. ‘जीवा’ हा शब्द अरबांनी तसाच घेतला, ‘जीबा’. पण अरबी लिपीत स्वरचिन्हे बहुधा लिहीत नाहीत. जीम, ये, बे एवढीच अक्षरे. पुढच्या वाचकांनी ती ‘जैब’ अशी वाचली. जैब म्हणजे वस्त्राची गळ्याजवळची घडी. आपण उर्दूत खिशाला जेब म्हणतो तोच शब्द. बत्तानी, बिरूनी अशा थोर गणितींनी हे शास्त्र वाढवले, आणि बगदादच्या अबुल वफा बूझजानी (९४०–९९८) यांनी त्रिज्या एक मानण्याची सोय दाखवून दिली. पुढे बाराव्या शतकात, इकडे भास्कराचार्य लिहीत होते त्याच शतकात, अरबी ग्रंथांचे लॅटिन भाषांतर झाले. भाषांतरकारांनी जैबचा अर्थ घडी असा घेऊन लॅटिन शब्द घातला ‘सायनस’. त्याचाच साइन झाला. धनुष्याची दोरी खिशातून जाऊन आपल्या पुस्तकात परत आली!

भास्कराचार्यांनी आपला ‘करणकुतूहल’ हा सोप्या गणिताचा ग्रंथ इसवी सन ११८३ चा आरंभ धरून रचला. त्या वेळी ते एकोणसत्तर वर्षांचे होते. त्या वयातही त्यांना पंचांग करणाऱ्यांची मेहनत कमी करावीशी वाटली. मुलगा लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपाल याने आपल्या पदरच्या पंडितांत मुख्य केले. नातू चांगदेव हे सिंघण राजाचे ज्योतिषी. या चांगदेवांनी आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून पाटण येथे मठ काढला, आणि १२०७ मध्ये तेथील निकुंभ घराण्याच्या सोइदेवाने त्याला देणगी दिली. हा सारा वृत्तांत सांगणारा शिलालेख पाटणच्या देवीच्या मंदिरात आहे. मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणून १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि मला तो सर्वांत जवळचा वाटतो. त्यात बाजाराचा हिशेब आहे : पेठेत जो माल उघडेल त्यावरचे राजाचे उत्पन्न मठाला, ग्राहकाकडून पाच सुपाऱ्या, जितके तेलाचे घाणे चालतील तितक्यांकडून पळी पळी तेल. एका गणिताच्या शाळेचा खर्च गावच्या पेठेने असा उचलला होता. आपल्या संस्थेचे पावतीपुस्तक घेऊन दुकानोदुकानी फिरणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा भाग अवश्य वाचावा.

पुढे अकबर बादशहाच्या दरबारातील कवी फैजी यांनी १५८७ मध्ये लीलावतीचे फारसी भाषांतर केले. घटिकापात्रात मोती अडकला आणि लीलावती या कन्येचा मुहूर्त टळला, ही सर्वांच्या तोंडी असलेली कथा या भाषांतराच्या प्रस्तावनेतली. पाटणच्या लेखात अशा कन्येचा उल्लेख नाही, आणि कथा खरी असेल असे मला वाटत नाही. पण ती गोड आहे, आणि गणिताचे पुस्तक घरोघरी पोहोचवायला तिने मदत केली. शाहजहानच्या काळात, १६३४ च्या सुमारास, भास्कराचार्यांचे बीजगणितही फारसीत आले. भाषांतरकार अताउल्लाह रशीदी; ताजमहालाचे स्थपती उस्ताद अहमद लाहोरी यांचे पुत्र.

हे अताउल्लाह पुढे दख्खनमध्ये आले. औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, बीबी का मकबरा त्यांनी रचला. १६६१ च्या सुमारास पुऱ्या झालेल्या त्या इमारतीच्या प्रवेशद्वारावर त्यांचे नाव कोरलेले आहे. शाळांच्या सहली तिथे नेहमी जातात, मुले कारंज्यापाशी फोटो काढतात आणि बस वेरूळला निघते. पुढच्या सहलीला दारापाशी दोन मिनिटे थांबा आणि ते नाव मुलांना दाखवा. मग वेळ काढून गौताळ्याचा घाट उतरा. खाली चाळीसगावच्या वाटेवर पाटण आहे.