गिर्यारोहकांचे आश्रयदाते संत बर्नार्ड

मळवली स्थानकावर उतरून लोहगड-विसापूरची वाट धरणाऱ्या गिर्यारोहकांना आपले आश्रयदाते संत क्वचितच ठाऊक असतात. अकराव्या शतकातील संत बर्नार्ड हे आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या आओस्ता येथे आर्चडीकन होते. हिमवादळात व लुटारूंच्या हाती वाटसरू बळी पडत, म्हणून त्यांनी १०५० च्या सुमारास २,४६९ मीटर उंचीवरील खिंडीत अतिथिगृह उभारले. त्यांच्या नावाने ओळखले जाणारे श्वान मात्र त्यांनी पाहिलेच नाहीत. ते सतराव्या शतकात तेथे आले. मठवासीयांसोबत फिरून ते बर्फाखालचा माणूस वासाने हुडकीत. (गळ्यातील मद्याचे पिंप ही दंतकथाच!) १९२३ साली पोप अकरावे पायस यांनी बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते घोषित केले. आज मावळातच, सुदुंबरे येथे, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे श्वान आहेत. ढिगाऱ्याखाली जिवंत माणसाचा वास येताच भुंकून सांगण्यास त्यांना शिकविले जाते.