धोतरवाले दादासाहेब आणि जमिनीचा सवाल

नाशिकमध्ये कॉलेज केलेल्याला दादासाहेब गायकवाड सभागृह माहीत नाही असं सहसा होत नाही. कधी कुणाचं गॅदरिंग, कधी प्रदर्शन, कधी व्याख्यान. पण हे दादासाहेब कोण, असं विचारलं की निम्मे जण मोबाईल काढतात. काढा, हरकत नाही. बाबासाहेबांचे सहकारी, काळाराम सत्याग्रहाचे पुढारी, खासदार, पद्मश्री एवढं लगेच सापडेल. सहज सापडत नाही ती गंमत वेगळीच आहे. गांधीवाद, साम्यवाद, काँग्रेस या तिन्हींशी या आंबेडकरवादी माणसाचा संबंध आला; कधी भांडणाचा, कधी सोबतीचा. आणि प्रत्येक विचाराला त्यांनी एकच माप लावलं, भूमिहीन माणसाच्या पदरात काय पडतं याचं.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म 15 ऑक्टोबर 1902 चा, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा. महार घराणं. तेव्हा महारांकडे वतनाची जमीन असायची, पण ती भलतीच महाग पडायची. तुकडाभर जमिनीच्या बदल्यात गावाची आणि सरकारची चाकरी, निरोप पोचवण्यापासून मेलेलं जनावर ओढण्यापर्यंत. हे वतन कायद्यानं सुटायला 1958 साल उजाडावं लागलं. त्यामुळे जमीन म्हणजे निव्वळ उत्पन्न नव्हे, तिच्यामागे गुलामी किंवा सुटका यातलं एक काहीतरी येतं, हे समजायला त्यांना पुस्तकात डोकं घालायची गरज नव्हती.

2 मार्च 1930 ला पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दर्शनासाठी हजारोंची मिरवणूक निघाली आणि देवळाचे दरवाजे बंद झाले. नेतृत्व बाबासाहेबांचं, इथली रोजची जुळवाजुळव, स्वयंसेवक, पैसा, पोलिसांशी गाठ, हे सारं गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या डोक्यावर. तारखा जरा शेजारी शेजारी ठेवून बघा. दहाच दिवसांनी, 12 मार्चला, गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले. हत्यार तेच, सत्याग्रह. पण मिठासाठी तुरुंगात जाण्याचा मान देशानं डोक्यावर घेतला आणि देवळाच्या दाराशी बसलेल्यांवर रामनवमीच्या दिवशी दगड पडले. रथ दोन्ही बाजूंनी मिळून ओढायचा असं ठरलेलं असतानाही.

सत्याग्रह अधूनमधून थांबत 1934 पर्यंत चालला. त्या वर्षीच्या रामनवमीला पुन्हा उभं राहायचं का, असं गायकवाडांनी पत्रानं विचारलं. बाबासाहेबांनी नको म्हणून कळवलं. मूर्तीपूजेसाठी ही लढाई नव्हतीच, लोकांना जागं करायची होती. आता ताकद शिक्षण आणि राजकारणात घालायची, असा त्याचा आशय. पुढच्याच वर्षी 13 ऑक्टोबरला येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. चार वर्षं ज्या दारासमोर माणसं बसवली, त्या दाराकडे पाठ फिरवायची. कार्यकर्त्याला हे सोपं जात नसणार. पण गायकवाड बदलले, आणि नाशिक जिल्ह्यातली माणसंही त्यांच्या मागोमाग बदलली.

1937 मध्ये ते स्वतंत्र मजूर पक्षाकडून मुंबई विधानसभेत गेले. या पक्षानं खोतीविरुद्ध शेतकरी उभे केले आणि 1938 च्या नोव्हेंबरात कम्युनिस्टांच्या बरोबरीनं गिरणी कामगारांचा संप केला. म्हणजे निळं आणि लाल एकत्र येणं नंतर कुणी शोधून काढलेलं नाही. मतभेद मात्र पक्के होते. 1956 च्या नोव्हेंबरात काठमांडूच्या बौद्ध परिषदेत बाबासाहेबांनी बुद्ध आणि मार्क्स शेजारी ठेवून तोलले. दुःख आणि शोषण संपवायचं हे दोघांचं ध्येय जवळचं, पण हिंसा आणि हुकूमशाहीचा मार्ग त्यांना मान्य नव्हता. दोन आठवड्यांनी बाबासाहेब गेले, आणि हा हिशेब रोजच्या राजकारणात कसा उतरवायचा ते मागच्यांवर आलं.

1957 ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत गायकवाड नाशिकमधून लोकसभेत गेले. त्या समितीत साम्यवादी होते, समाजवादी होते, शेकाप होता. जमिनीचं काय करायचं याची दोन उत्तरं तेव्हा देशासमोर होती. तेलंगणात कम्युनिस्टांनी बंदूक उचलून जमीनदारांच्या जमिनी वाटल्या होत्या. त्याच तेलंगणात, पोचमपल्लीला, 1951 मध्ये विनोबांनी ती दान म्हणून मागायला सुरुवात केली. गायकवाडांनी दोन्ही बाजूला ठेवलं. बंदुकीनं सर्वांत आधी गरीबच मरतो, आणि दान घेणाऱ्याची मान खालीच राहते. निदान मला त्यांच्या वागण्यातून असंच दिसतं. त्यांचं म्हणणं साधं होतं. सरकारकडे पडीक जमीन आहे, गायरान आहे, भूमिहीन ती कसतात, तर ती त्यांच्या नावावर करा. 1959 मध्ये यासाठी खानदेश, नाशिक, मराठवाड्यातल्या बायाबापड्यांनी तुरुंग भरले.

आणि पक्ष फुटला. नुकत्याच जन्मलेल्या रिपब्लिकन पक्षात बी. सी. कांबळे यांच्या गटाला ही साम्यवादाची घुसखोरी वाटत होती. आपला रस्ता संविधानाचा, असं ते म्हणत. हा आक्षेप फालतू नव्हता, बाबासाहेबांचा इशारा त्यांच्या बाजूनं होता. पण भांडणात कपडेसुद्धा आले, शिकलेले पँटवाले एकीकडे आणि धोतरवाले दुसरीकडे. कांबळे गट स्वतःला दुरुस्त म्हणवू लागला, मग गायकवाडांचा गट आपोआप नादुरुस्त ठरला! 1964 च्या 6 डिसेंबरपासून याच नादुरुस्तांनी देशभर सत्याग्रह केला आणि लाखांवर माणसं तुरुंगात गेली. मागण्यांत पडीक जमीन होती, संसदेत बाबासाहेबांचं चित्र होतं, बौद्ध झालेल्यांना सवलती होत्या. श्रद्धा बदलली की कागदावरचा हक्क जायचा, ती ही भानगड. केंद्राच्या सवलती बौद्धांना मिळाल्या 1990 मध्ये.

1967 ला त्यांनी काँग्रेसशी हातमिळवणी केली. इथं मात्र त्यांचं माप चुकलं असं मला वाटतं. सत्तेच्या जवळ गेल्यावर थोड्या जागा हाती आल्या, पण चळवळीची धार गेली आणि गटांचे आणखी गट झाले. पुढच्याच वर्षी पद्मश्री मिळाली. 29 डिसेंबर 1971 ला ते गेले.

आज त्यांच्या नावानं राज्य सरकारची योजना आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांतल्या भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन. आणि 2018 च्या मार्चमध्ये सीबीएस चौकातून लाल टोप्या घालून हजारो आदिवासी शेतकरी मुंबईकडे चालत निघाले. कसतोय ती वनजमीन आमच्या नावावर करा, ही त्यांची एक मुख्य मागणी होती.